जर्मनच्या टोपासारखी चाकं

दहावीच्या वर्गात गेली बावीस वर्षं मी एक समीकरण फळ्यावर लिहितो आहे. ॲल्युमिनियम ऑक्साइड अधिक सोडियम हायड्रॉक्साइड, बाणापुढे सोडियम ॲल्युमिनेट आणि पाणी. खाली रेघ मारून सांगतो, "उभयधर्मी ऑक्साइड. आम्लातही विरघळतं, आम्लारीतही. परीक्षेला हमखास येतं." मुलं निमूट वहीत उतरवून घेतात. ही गोष्ट फक्त परीक्षेला येते, असं बहुधा माझंही मत असावं. नाहीतर पुढचं काही घडलं नसतं.

राहायला मी मनोरला आणि शाळा पालघरला. जाऊन-येऊन रोज चाळीसेक किलोमीटर, मध्ये वाघोबाची खिंड. खिंडीत देवळापाशी गाड्या थांबतात, लोक हात जोडतात, माकडं टपून बसलेली असतात. पलीकडच्या उतारावर ब्रेक दाबत उतरायचं. त्या ब्रेकची काळी भुकटी पुढच्या दोन चाकांवर बसते. ती लोखंडाची असते, तापलेली उडते आणि चिकटून बसते. माझ्या स्विफ्ट गाडीला कारखान्यातली लोखंडी चाकं आणि त्यांवर प्लास्टिकचे कप होते, तोवर मला त्या भुकटीचं काही देणंघेणं नव्हतं.

पंचेचाळिशी उलटली आणि मला मॅगव्हील, म्हणजे अलॉयची चाकं टाकायची हौस आली. का आली ते विचारू नका, मी बायकोलाही नीट सांगू शकलो नव्हतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून दोन शनिवार फिरलो आणि एका ठिकाणी जपानी बनावटीची, दोन तुकड्यांची चाकं दिसली. मधली चांदणी ओतीव, राखाडी रंग दिलेली. बाहेरचं कडं वेगळं, बोल्टांनी जोडलेलं, दुधी काचेवर ऊन पडावं तशा मंद चमकेचं. पाच होती. "सुटं मिळत नाही, पाचही घ्या," असं म्हणून दुकानदाराने पाचवं जवळजवळ गळ्यातच मारलं. वर सांगितलं, "सर, ये कलर नहीं है, ॲनोडाइज है. इसको कुछ मत करना, खाली पानी मारना."

सगळ्या प्रकरणात एवढाच सल्ला योग्य होता आणि तो मला पहिल्याच दिवशी फुकट मिळाला होता. त्याचा अर्थ मी असा लावला, की माल इतका दणकट आहे की त्याला काहीही केलं तरी चालेल.

आता थोडं रसायनशास्त्र सांगतो, सवयीने. रस्त्यावर दिसणारी बहुतेक अलॉय चाकं रंगवलेली असतात, नाहीतर वरून पारदर्शक लॅकर मारलेली. ओतकामाच्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन सात टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्यामुळे त्यावर ॲनोडायझिंग केलं तर ते काळपट, डागाळलेलं दिसतं. पत्र्यातून किंवा घडीव धातूतून केलेल्या कड्यावर मात्र ते छान बसतं. गंधकाम्लाच्या टाकीत ॲल्युमिनियम धनाग्राला लावून वीज सोडायची. एरवी हा धातू हवेत नुसता ठेवला तरी त्यावर ऑक्साइडचा थर येतो, पण तो दोन-चार नॅनोमीटरचा. टाकीत तोच थर वाढवून दहा-वीस मायक्रॉनपर्यंत नेतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, म्हणजे त्याच्या चौथाईएवढा हा थर. तो वरून लावलेला नसतो, धातूतूनच उगवलेला असतो. त्यात असंख्य बारीक छिद्रं राहतात, ती उकळत्या पाण्यात बुडवून बुजवतात. पारदर्शक, कठीण आणि वीज न वाहू देणारं असं हे कातडं. हे सगळं मला येत होतं.

तरी माझ्या डोळ्यांना त्या कड्याची मंद चमक मळकी वाटायची. हे खूळ लहानपणापासूनचं. आमच्या घरी ॲल्युमिनियमला जर्मन म्हणत. आई जर्मनचा टोप राख आणि नारळाची शेंडी घेऊन अशी घासायची की त्यात तोंड दिसे. टोपात तोंड दिसलं नाही तर घासणाऱ्याने अंगचोरी केली, असा घरातला न्याय. तो न्याय मी जपानी कड्याला लावला.

पहिल्या रविवारी गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकला, मूठभर. ब्रेकची भुकटी झरझर निघाली, मला फार बरं वाटलं. चाकं वाळल्यावर कड्यावर खडूसारखा पांढुरका पडदा दिसला. सोड्याच्या पाण्याचा पीएच अकराच्या घरात जातो आणि ऑक्साइडचा थर साधारण चार ते साडेआठ एवढ्याच टापूत सुखी असतो. तो पडदा म्हणजे सोड्याने कुरतडलेलं कातडं होतं. मी त्याला आपल्या बोअरिंगच्या पाण्याचा क्षार समजलो.

क्षार म्हटल्यावर घासणं आलंच. दुसऱ्या रविवारी भांड्यांची हिरवी घासणी घेतली, तिसऱ्या रविवारी पितळेची भांडी चकचकीत करायचं पॉलिश. पहिले काही दिवस दाद मिळत नव्हती, मग एका जागी वीतभर तुकडा आरशासारखा उजळला. त्यात माझं तोंड दिसलं. तेवढ्या तुकड्यासाठी मी पुढचे किती तास घालवले ते आता सांगायला लाज वाटते. चारही चाकं फिरवून फिरवून घासली. कापडावर काळं येत होतं आणि मला वाटत होतं, बघा किती मळ होता. स्वच्छ ॲल्युमिनियम घासलं तरी कापड काळंच होतं, हेही मला ठाऊक होतं. फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. मेहुण्याने लिहिलं, "भाऊजी, एकदम नवी!" मीही भरून पावलो.

पाचवं चाक डिकीत गालिच्याखाली पडून होतं, म्हणून वाचलं.

त्या ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर मुलांना घेऊन केळव्याला गेलो. ओहोटी होती, वाळू घट्ट होती, चार गाड्या खाली उतरलेल्या दिसल्या म्हणून आपलीही उतरवली. चाकांना लाटेचं पाणी लागलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरी पोचेपर्यंत रात्र झाली होती, तेव्हा गाडीच्या टपावर बादलीभर पाणी ओतून झोपलो. आठवड्याभरात माझ्या आरशावर पांढरे ठिपके उमटले, मग त्यांच्याखाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. बोल्टांभोवती तर पांढऱ्या भुकटीची कडीच पडली. लोखंडाचा बोल्ट, ॲल्युमिनियमचं कडं आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे घरबसल्या विद्युत घट. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. गंमत अशी, की ॲनोडायझिंगची ही विद्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा वापरली गेली ती 1923 मध्ये इंग्लंडात, समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवायला. शंभर वर्षांपूर्वी लोकांनी ज्यासाठी खटपट केली, ते संरक्षण मी तीन रविवार खपून काढून टाकलं आणि मग गाडी समुद्रात घातली.

ठिपके पुन्हा घासले. पुन्हा आले. हा खेळ वर्षभर चालला.

2024 मध्ये आमच्या अहमदाबाद महामार्गावर व्हाइट टॉपिंग सुरू झालं, म्हणजे डांबरावर काँक्रीटचा जाड थर. मस्तान नाक्यावरून कुठेही जायचं तर रांगेत उभं राहणं आलं. एका संध्याकाळी रांग टाळायला मी कडेच्या चिखलातून गाडी काढली. तो चिखल सिमेंटचा होता. ओल्या सिमेंटचा पीएच बाराच्या वर असतो, धुण्याच्या सोड्यापेक्षा जहाल. सकाळी बघतो तर कड्यांवर राखाडी खपल्या, दगडासारख्या. तेव्हाच पाणी मारलं असतं तर निम्मं निभावलं असतं.

घराच्या फरशीवर सिमेंट सांडलं की गवंडी ॲसिड मारतात, हे डोक्यात होतं. संडास साफ करायची निळी बाटली आणली, ब्रशने चाकांवर लावली. जोरात फेस आला, नाकात झणका गेला. सिमेंट विरघळतंय म्हणून मी खूश. सिमेंट विरघळत होतंच. पण त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि उघड्या ॲल्युमिनियमला ते सिमेंटइतकंच आवडीने खातं. एकाच चाकाला आधी आम्लारी, मग आम्ल. माझं समीकरण दोन्ही बाजूंनी सिद्ध झालं, फळ्यावर मात्र लिहायला कोणी नव्हतं.

मग हवा कमी व्हायला लागली. दर चार दिवसांनी डावीकडचं मागचं चाक बसायचं. मस्तान नाक्याजवळच्या पंक्चरवाल्या चाचांकडे नेलं. त्यांनी टायर पाण्यात फिरवला, रबरातून एकही बुडबुडा नाही. कड्याला जिथे टायर बसतो तिथून मात्र बारीक मोत्यांची माळ. टायर उतरवला तर आत पांढऱ्या भुकटीचा थर. चाचांनी बोटाने खरवडून मला दाखवला.

"साहब, टायर में कुछ नहीं है. रिम सड़ रहा है. एसिड मारा क्या?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि तारेचा ब्रश उचलला. विज्ञानाचा शिक्षक पंक्चरवाल्याशी खोटं बोलला, ही सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत टोचणारी गोष्ट. चाकाचं नुकसान पैशात मोजता येतं.

घरी येताना एक गोष्ट सुचली, जी पहिल्या दिवशी सुचायला हवी होती. प्रयोगशाळेतला मल्टिमीटर घरी आणला. ऑक्साइडचा थर वीज वाहू देत नाही, तेव्हा दोन टोकं हलकेच टेकवायची. कातडं शाबूत असेल तर मीटर गप्प राहील, उघडा धातू असेल तर बीप वाजेल. (लॅकरवरही मीटर गप्पच राहतो, पण लॅकर कडेला पापुद्र्यासारखा सुटतो, तो नखाला कळतो.) डिकीतलं पाचवं चाक काढलं, गालिच्याचा धागा पुसला, टोकं टेकवली. गप्प. चार जागी टेकवली, गप्प. मग अंगणातल्या गाडीपाशी गेलो. बीप. दुसरं चाक, बीप. जिथे जिथे तोंड दिसत होतं तिथे तिथे बीप. अंधार पडला होता आणि मी चारही चाकांभोवती बीप बीप करत रांगत होतो. बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, आता काय बॉम्ब सापडलाय का?"

इथे थांबलो असतो तर हकिकत इथेच संपली असती. पण आता मला निदान कळलं होतं आणि निदान कळलेला अर्धवट डॉक्टर फार घातक. मी ठरवलं, की उरलासुरला थर सारखा काढून टाकावा आणि बॅटरी चार्जर घेऊन घरीच पुन्हा ॲनोडाइज करावं. बोईसरहून कॉस्टिक सोड्याच्या पापड्या आणल्या. सर्वांत सडलेलं चाक प्लास्टिकच्या टबात ठेवलं, वर गरम पाणी ओतलं, पापड्या टाकल्या. किती टाकायच्या याचं गणित मी केलं नाही. रोज मुलांना एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा गुण कापतो.

आधी बारीक बुडबुडे आले, मग टब उकळल्यासारखा खदखदायला लागला. ही क्रिया उष्णता सोडते, उष्णतेने क्रिया वाढते, ती आणखी उष्णता सोडते. बुडबुडे हायड्रोजनचे, आणि त्यांबरोबर उडणारे कॉस्टिकचे तुषार घशात जाऊन मी खोकत मागे सरकलो. एक शिंतोडा मनगटावर पडला, त्याचा डाग अजून आहे. डोळ्यांवर काही नव्हतं. तोच डोळ्यात उडाला असता तर हे मी कोणाला तरी लिहून घ्यायला सांगत असतो. काठीने चाक बाहेर ओढलं तेव्हा ते काजळी फासल्यासारखं काळं झालं होतं. मिश्रधातूतला सिलिकॉन, तांबं असलं न विरघळणारं सगळं वर राहतं, त्याची ती काजळी. बोल्टांच्या खोबणी रुंद झाल्या होत्या.

टबातलं पाणी आता कुठे ओतायचं? मागे ओढा आहे, ओढ्याचं पाणी सूर्या-वैतरणेत जातं. एका विद्यार्थ्याचे वडील बोईसरच्या एमआयडीसीत रसायनाच्या कारखान्यात आहेत, त्यांना फोन केला. ते रात्री मोटारसायकलवर आले, टबाकडे बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "सर, गॉगल घातला होता का?" मग आम्ही दोघांनी सौम्य आम्ल थेंब थेंब घालत, शाळेच्या लिटमसने तपासत ते पाणी निवळवलं. जाताना म्हणाले, "आमच्याकडे कॉस्टिकच्या लाइनला ॲल्युमिनियम लावतच नाहीत. तीव्र नायट्रिक ॲसिडचे टँकर बघा, ते ॲल्युमिनियमचे असतात." म्हणजे ज्या आम्लाने हात जळून पिवळा पडतो ते हा धातू पोटात घेऊन महामार्गावरून जातो, कारण तीव्र नायट्रिकमध्ये त्याचं कातडं उलट घट्ट होतं. आणि माझ्या मूठभर धुण्याच्या सोड्याने तो हरला. "मुलांना हे सांगत जा," असंही ते म्हणाले. त्यांचा मुलगा तेव्हा माझ्याच वर्गात होता.

चाकं शेवटी वसईला एका जॉबवर्कच्या गाळ्यात नेली. तिथल्या माणसाने सगळं आधी सुटं करायला लावलं. टायर, बोल्ट, वजनाच्या पट्ट्या, सगळं. मग त्यांच्या मोजलेल्या कॉस्टिकमध्ये काही मिनिटं, मग काजळी काढायला नायट्रिक, मग गंधकाम्लाची गार टाकी. ती टाकी वीस अंशांच्या आसपास ठेवावी लागते, म्हणून चिलर सतत घुरघुरत होता. मी मनोरच्या मे महिन्यात अंगणात बादली ठेवून हे करणार होतो. मग उकळत्या पाण्यात थर बुजवणं. तीन चाकं त्याने केली. खड्डे काही गेले नाहीत, देवीच्या व्रणांसारखे राहिले. नवा थर धातूतून वाढतो, खड्डा भरत नाही. चौथं काळं चाक त्याने हातात घेऊन खोबणी चाचपली आणि बाजूला ठेवलं. "हे भंगारात घाला. माळ्यावरसुद्धा ठेवू नका, उद्या कोणाला तरी मोह होईल."

तेव्हापासून डिकीतलं पाचवं चाक डावीकडे पुढे आहे. तीन व्रणांची आणि एक कुमारिका, असा संसार चालला आहे. डिकीत जुनं लोखंडी चाक आलं.

आता चाकं धुतो ती अशी. खिंड उतरून आल्यावर लगेच नाही, गार झाल्यावर. तापलेल्या धातूवर साबण जागीच वाळतो. आधी नुसतं पाणी भरपूर, म्हणजे कण वाहून जातील. मग गाड्यांचा साधा शांपू, ज्याचा पीएच सातच्या आसपास आहे तो. लिटमसवर टाकून बघतो, आता लाज सोडली आहे. चाकांची बादली आणि फडकं वेगळं, कारण त्यातली लोखंडी भुकटी रंगावर गेली तर ओरखडे उठतात. चिकटलेली भुकटी निघत नसेल तर लोखंड विरघळवणारा फवारा मिळतो, तोही उदासीन पीएचचा बघून घ्यायचा. लोखंडाला लागला की जांभळा होतो, वाळायच्या आत धुवायचा. डांबराचे ठिपके रॉकेलच्या बोळ्याने निघतात. शेवटी बोल्टांच्या खाचा कोरड्या करायच्या, वर हवं तर मेण. पावसाळ्यात दर आठवड्याला, केळव्याहून आलो तर त्याच रात्री, कितीही झोप आली तरी. पॉलिशची डबी देवघरात समईपुरती ठेवली आहे. कुर्ल्याच्या माणसाच्या सल्ल्यात मी घातलेली भर एवढीच.

मागच्या दिवाळीआधी घराचं रंगकाम काढलं. बाहेरच्या गिलाव्याचे शिंतोडे स्लायडिंगच्या खिडकीच्या चौकटीवर पडून वाळले होते. सुरीने निघेनात. मी आत जाऊन निळी बाटली आणली, झाकण काढलं, ब्रश बुडवला. बायको मागे उभी होती.

"अहो, ही चौकट कशाची आहे?"

मी बघितलं. दुधी काचेवर ऊन पडावं तशी मंद चमक.

तिने माझ्या हातातून बाटली काढून घेतली, झाकण घट्ट लावलं आणि आत जाताना म्हणाली, "मल्टिमीटर आणू की माझं ऐकताय?"